ओट्याखालची फळी

गोविंद मेस्त्रींनी आमच्या डोंबिवलीच्या घरात केलेलं ओट्याचं काम उत्तम होतं. हे वाक्य मी फार पूर्वी, मोठ्याने, चार माणसांसमोर म्हणायला हवं होतं. तशी संधीही मला मिळाली होती. त्या वेळी मी ओट्याखालची फळी पायाने पाडून दाखवली आणि फिटिंग लूज असल्याचं सांगितलं. पुढे बऱ्याच लग्नांच्या पंगतींत मी हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला. लोक हसले, आणि मेस्त्री हे आमच्या नात्यागोत्यात वाईट कामाचं दुसरं नाव होऊन बसलं. कपाटाचं दार नीट लागलं नाही की आमच्याकडे अजूनही विचारतात, "मेस्त्रीने केलंय का?" हे आता थांबावं म्हणून लिहितो आहे. ज्यांच्याकडे जाऊन बोलायचं ती माणसं राहिलेली नाहीत, त्यामुळे लिहिणं सोपं झालं आहे.

ते घर आम्हाला नानासाहेबांमुळे मिळालं. नानासाहेब आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ऑफिसातले साहेब. त्यांनी काही सहकाऱ्यांना जमवून सोसायटी काढली, स्टेशनपासून बरीच आत एक जागा घेतली आणि बिल्डिंग उभी केली. चारी बाजूंना भातशेती. सभासद होण्यासाठी एकच अट होती, ती कागदावर नव्हती. ऑफिसातल्या खुर्चीवर मागे रेलून नानासाहेब आप्पांना म्हणाले होते, "तुम्ही कोकणातले. तुमचं खाणं आम्हाला माहीत आहे. इमारतीत मासळी शिजता कामा नये, एवढं बघा." आप्पांनी तिथल्या तिथे शब्द दिला. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुम्ही दिलात ना शब्द? मग झालं." आप्पांना हे वाक्य संमतीचं वाटलं.

त्यानंतर आप्पा नानासाहेबांपेक्षा कडक झाले. संध्याकाळी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी दारातच थांबून एक लांब श्वास घेत. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिण्याच्या निमित्ताने ओट्याखालची दोन्ही कपाटं उघडून बघत आणि म्हणत, "बटाटे संपत आलेत वाटतं." बटाटे भरपूर असत. आई म्हणे, "हो, आणते." हा संवाद आमच्या घरी इतक्या वेळा झाला की माझी धाकटी बहीण सुमन शाळेतून आल्यावर दारात थांबून तसाच श्वास घ्यायची आणि "बटाटे संपले का गं?" विचारायची. एकदा आप्पा मागेच उभे होते. त्यांनी सुमनला काही म्हटलं नाही. बटाटे मात्र आणले.

बिल्डिंगमधल्या सगळ्या ओट्यांना काळ्या कडाप्प्याची लादी आणि खाली नुसती मोकळी जागा होती. कपाटं ज्याची त्याने करून घ्यायची. आईने आपल्या माहेरच्या गावच्या गोविंद मेस्त्रींना बोलावलं. ते तेव्हा तिशीचे असतील. काम शोधत मुंबईकडे आलेले, कोणाकोणाच्या गाळ्यात झोपायचे. ते आईला 'बाय' म्हणत आणि तिच्याशी गावच्या बोलीत बोलत. इतरांशी बोलताना त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची. त्यांनी आमच्याकडे सागाची चौकट आणि दारं केली. दार लावताना आवाज होत नसे, फक्त हवा कोंडल्यासारखा एक हुंकार येई. नानासाहेबांनी येऊन दार दहा वेळा उघडून लावून पाहिलं आणि सांगितलं की उरलेल्या सगळ्या घरांचं काम मेस्त्रींनाच द्यावं असं ते मीटिंगमध्ये सुचवणार आहेत. त्या दिवशी मेस्त्री आमच्याकडे चहाला थांबले. पाटीलवाडीत एक खोली बघून ठेवली आहे, काम पक्कं झालं की बायकोला आणि पोरांना गावाहून आणतो, मोठ्याला शाळेत घालायचं आहे, असं सांगत होते. आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.

ओट्याच्या कपाटाखाली, जमिनीलगत, वीतभर उंचीची एक फळी असते. कपाट पायांवर उभं असतं आणि ते पाय झाकायला ही फळी. तिला आमच्याकडे काही नाव नव्हतं. आता आहे. मी सध्या मुलाकडे माजिवड्याला एका उंच टॉवरमध्ये राहतो. तिथल्या स्वयंपाकघरात तिला स्कर्टिंग म्हणतात. लादी पुसताना फडक्याचा धक्का लागला तरी ते स्कर्टिंग आडवं पडतं. माझी सून मेघना कंपनीला फोन करते, मग एक तरुण येतो, खाली वाकतो आणि म्हणतो, "मॅडम, क्लिपा लूज आहेत. फिटिंगवाल्याने घाण केली आहे." तो दर वेळी वेगळा असतो आणि दर वेळी आधीच्याला दोष देतो. मागच्या महिन्यात तो गेल्यावर मुलगा मला म्हणाला, "बाबा, हा तुमच्या मेस्त्रीचा नातू दिसतोय." सगळे हसले. मी वर्तमानपत्र पुढे धरलं.

आमच्या घरातली फळी मेस्त्रींनी काटेकोर बसवली होती. खिळे मारायला हातोडा उचलला तेव्हा आईने त्यांना थांबवलं. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलो होतो, मला सगळं ऐकू आलं.

"ह्या फळयेक खिळो मारू नको," आई म्हणाली. "नुसती टेकवून ठेव."

"बाय, लोक माका हसतले गो."

"हसले तर हसले. आत माझो डबो रवतलो."

कसला डबा हे मेस्त्रींनी विचारलं नाही. एका गावची माणसं होती. मग म्हणाले, "बरा. मेस्त्री घरात शिरता, घर मेस्त्र्याच्या तोंडात शिरणा नाय." आणि हातोडा पिशवीत टाकल्याचा आवाज आला.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. त्यात सुका जवळा असायचा. जवळा म्हणजे नखाएवढी वाळवलेली कोलंबी, मूठभर तव्यावर टाकली की पूर्ण मजल्याला कळतं. आई महिन्यातून एकदा कल्याणच्या बाजारात मिरच्या आणायला जायची. पिशवीत वर लाल मिरच्या असत आणि तळाशी कागदात गुंडाळलेला जवळा. मिरच्यांचा खाट इतका असे की पिशवीत नाक घालायची कोणाची छाती होत नसे. प्रश्न फक्त भाजण्याचा होता. त्यावर आईने जो उपाय शोधला तो मला आजही थोर वाटतो. आमच्याकडे अधूनमधून वारा फिरून कारखान्यांच्या बाजूने यायचा. त्यासोबत एक रासायनिक वास येई, कुजकी अंडी आणि जळालेलं रबर यांच्या मधला. बिल्डिंगमध्ये खिडक्या धडाधड बंद होत. शेजारच्या सरोजकाकू नाकाला पदर लावून ओरडत, "आला गं बाई मेला!" त्या आवाजावर आई स्टोव्ह पेटवायची. भर दुपारी, आप्पा ऑफिसात, सुमन शाळेत. तवा, कांदा, मिरची, वरून जवळा, शेवटी दोन आमसुलं. सोबत तांदळाची भाकरी. मी डिप्लोमाला होतो आणि माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे मी घरी असे. आई आणि मी ओट्याला टेकून, उभ्याउभ्या, एकाच ताटलीत खायचो. बोलायचो नाही. बाहेर सगळा गाव वाऱ्याला शिव्या देत असायचा. त्या वासाने आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हे मी माझ्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात वारा दुसरीकडून वाहतो. आठवडेच्या आठवडे कारखान्यांचा वास आला नाही. एका दुपारी आई देवळात गेलेली असताना मला राहवलं नाही. फळी काढली, आडवा झालो, हात खांद्यापर्यंत आत घालून डबा ओढला आणि मूठभर जवळा कच्चाच खाल्ला. जिन्यात पावलं वाजली तसा डबा आत ढकलला, फळी टेकवली आणि पुस्तक घेऊन बसलो. पावलं सरोजकाकूंची होती. डब्याचं झाकण मी वरच्यावर ठेवलं होतं, दाबलं नव्हतं. त्या घरात नीट न बसलेली वस्तू ती एकच.

दमट हवेने जवळा आठ-दहा दिवसांत सादळला आणि कुजला. आधी आमच्याकडे वास आला. आईला सर्दी झाली होती, तिला कळलं नाही. मला कळलं, पण मी स्वतःला समजावलं की ड्रेनेज असेल. मग सरोजकाकूंना आला. त्यांचा ओटा आणि आमचा ओटा एकाच भिंतीला होता. रविवारी सकाळी त्या थेट नानासाहेबांना घेऊनच आल्या. आप्पा भाजीला गेले होते.

"वहिनी, तुमच्या ओट्याखाली काहीतरी मेलंय हो," काकू म्हणाल्या.

नानासाहेबांनी दारातच श्वास घेतला. आप्पांनी तो कोणाकडून उचलला हे मला त्या क्षणी कळलं. "मेल्याचा वास आहे खरा," ते म्हणाले. "पण त्यात खारट काहीतरी आहे." आणि ते स्वयंपाकघरात शिरले. आई ओट्याला पाठ लावून उभी होती. तिच्या हातात वेलची कुटायचा छोटा बत्ता होता आणि ती कुटत नव्हती. नानासाहेबांनी दोन्ही कपाटं उघडली. बटाटे होते. मग त्यांची नजर खाली गेली. "हे खाली काय आहे?" ते म्हणाले आणि धोतर सावरून वाकायला लागले.

ते वाकले असते तर घर गेलं असतं, असं तेव्हा मला वाटलं. निदान आप्पांची मान तरी कायमची खाली गेली असती. मी पुढे झालो. बिल्डिंगमध्ये काही हललं, गळलं किंवा वाजलं की डिप्लोमाचा मुलगा म्हणून मला बोलावत, त्यामुळे मी पुढे होणं स्वाभाविक होतं. मी म्हणालो, "नानासाहेब, तुम्ही कशाला? ही फळीच बसलेली नाही. हे बघा." आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने फळीला टोचलं. ती आडवी पडली. मी चटकन पालथा पडून आत डोकावलो. डबा कोपऱ्यात दिसत होता, झाकण तिरपं. मी म्हणालो, "अंधार आहे. पण उंदीर यायला एवढी फट पुष्कळ झाली. मेस्त्रीने खिळे मारलेच नाहीत. फिटिंगच लूज आहे."

खोटं त्यात फारसं नव्हतं. फळी लूज होती, खिळे मारलेले नव्हते. उंदीर येऊ शकत होता. मी वर पाहिलं तर आई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात नारळ वाजवून बघतात, तसं.

मेस्त्री त्या दिवशी खालच्या मजल्यावर मापं घेत होते. त्यांना बोलावलं. नानासाहेब फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "मेस्त्री, अहो, संपूर्ण इमारतीचं काम आम्ही तुमच्या हाती सोपवणार होतो. दर्शनी भाग चकाचक आणि खाली हे? जिथे कोणी बघत नाही तिथेच माणसाचं काम कळतं."

मेस्त्रींनी फळी उचलली. तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मला वाटलं, आता बोलणार. एक वाक्य पुरलं असतं.

"होय साहेब," ते म्हणाले. "चूक माझीच. फळी घेऊन जातो, रंधा मारून उद्या बसवून देतो."

"ते तर द्यालच. पण पुढचं काम आता आम्हाला विचार करूनच द्यावं लागेल."

"होय साहेब."

त्यांनी फळी काखेत घातली आणि गेले. संध्याकाळी आप्पा बॅटरी घेऊन ओट्याखाली आडवे झाले. आत काहीच नव्हतं. आप्पा म्हणाले, "पळाला मेला." मेलेला उंदीर कसा पळाला हे कोणी विचारलं नाही. डबा कुठे गेला ते मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी नानासाहेबांच्या समोर फळी बसवली आणि खिळे ठोकले. हातोड्याचा तो आवाज भिंतीतून सरोजकाकूंच्या देवघरापर्यंत गेला असणार. नानासाहेबांनी पाय लावून पाहिला. फळी हलली नाही. वासही गेला. मग दोष फिटिंगचाच होता हे सगळ्यांनाच पटलं. बाकीच्या घरांचं काम एका कंत्राटदाराला दिलं, त्याची दारं पुढच्या पावसाळ्यात फुगली. पाटीलवाडीची खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली.

त्यानंतर वारा फिरला, कारखान्यांचा वास आला, खिडक्या बंद झाल्या. आईने स्टोव्ह पेटवला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो तर म्हणाली, "काय रे? पोहे करू?" मी समजलो. फळी ठोकली गेली, जागा गेली, आईचं खाणं माझ्यामुळे गेलं. तिला विचारायचं धाडस झालं नाही. मग मीच ठरवलं की ती खाणार नसेल तर मीही मासळी खाणार नाही. ते मी पाळलं. माझी सासुरवाडी अलिबागकडची. जावयासमोर पापलेट ठेवलं की मी ताट बाजूला सारायचो आणि सासूबाई रडकुंडीला यायच्या. लोक मला मोठा निग्रही समजत. डोंबिवलीला आईकडे गेलो की ती मला वरणभात वाढायची, आमटी वाढायची, समोर बसून बघायची आणि म्हणायची, "अजून भात घे."

मेस्त्री मला मधे एकदाच भेटले. कल्याणच्या घाऊक बाजारात, टोमॅटोच्या लाकडी पेट्या ठोकत बसले होते. राहायला खडवलीला गेले होते. केस पिकले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बाय बरी आसा मां?"

मी हो म्हणालो. घरच्यांचं विचारलं.

"पोरा गावाकच रवली," ते म्हणाले. "हडे आणूक जमला नाय." एक खिळा ठोकला आणि विचारलं, "आणि फळी? बसली मां घट्ट?"

मला तो टोमणा वाटला. तो माझ्या हक्काचाच होता. मी मान खाली घालून म्हणालो, "घट्ट बसली आहे. अजून हललेली नाही."

मेस्त्री हसायला लागले. हातोडा बाजूला ठेवून, डोळे पुसत हसले. शेजारचा हमालही काही न कळता हसला. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो, त्या हसण्यात ते राहून गेलं. मी तिथून निघालो आणि बरेच दिवस त्या हसण्याचा राग धरून होतो.

आता ती बिल्डिंग पाडणार आहेत. जागी बावीस मजले होणार. नानासाहेब केव्हाच गेले, त्यांचा नातू रविवारी गच्चीत कोंबडी भाजतो आणि सगळ्यांना बोलावतो. आप्पा गेले, मग आई गेली. घरात सुमन एकटी राहत होती, शाळेतून निवृत्त झालेली. सामान बांधायला मदत म्हणून मी गेल्या महिन्यात माजिवड्याहून गेलो. भांडी खोक्यात भरून झाली. ओट्याची दारं अजून तशीच लागत होती, हुंकार देऊन. मी म्हटलं, "सुमन, ही दारं काढून घेऊ. आणि मेस्त्रींचं मला तुला काही सांगायचं आहे."

"थांब, आधी डबा काढते," सुमन म्हणाली. ती भिंतीच्या बाजूला गेली आणि फळीच्या कोपऱ्यावर पायाचा अंगठा दाबला. फळीचं दुसरं टोक अलगद बाहेर आलं.

मी खाली बसलो. गुडघ्यांमुळे ते मला सहसा जमत नाही. फळी उलटी करून पाहिली. मेस्त्रींनी मागून एक जाड पट्टी जोडली होती. नानासाहेबांसमोर ठोकलेले सगळे खिळे फळीतून त्या पट्टीत गेले होते आणि तिथेच संपत होते. कपाटाच्या पायात एकही नव्हता. फळी आत धरून ठेवायला लाकडाची एक खिटी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"तुला माहीत नव्हतं?" सुमनने विचारलं.

"आई खायची?"

"आई, मी. शेवटची काही वर्षं आप्पासुद्धा. त्यांना दात नव्हते, मग आई वाटून चटणी करायची. मेस्त्री दर वर्षी गावाहून येताना घेऊन यायचे, खडवलीला गेल्यावरही. आई त्यांना जेवायला वाढायची आणि दोघं गावच्या गोष्टी करत बसायची."

"मला का नाही सांगितलं?"

सुमन खोक्याला दोरी बांधत होती. तिने गाठ मारून घेतली. "मी म्हटलं होतं एकदा. आई म्हणाली, वसूला सांगू नको. त्याला कोणी विचारलं की तो पायाने दाखवतो."

बाहेर मजूर सरोजकाकूंच्या घराच्या खिडक्या काढत होते. मग सुमन म्हणाली, "आता इथे कोण विचारतंय, रे? पण डब्याची जागा तीच ठेवली." तिने हात घालून डबा काढला. तोच बिस्किटांचा, रंग गेलेला. अर्धा भरलेला होता. तिने तो माझ्यापुढे धरला. मी चिमूटभर जवळा घेतला आणि कच्चाच खाल्ला. खारट होता.

मग मी झाकण लावलं. सुमनने डबा माझ्या हातातून घेतला आणि ते पुन्हा एकदा दाबलं.